पोटावरचा हात



आठ-दहा महिन्यांचं मूल दवाखान्यात येतं. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, पावलं फुगलेली. हात लावला की किंचाळतं. घरचे म्हणतात, कुठंतरी मुरगळलं असेल. पण एकाच वेळी दोन्ही हात आणि दोन्ही पाय कसे मुरगळतील? विदर्भात किंवा सातपुड्यात अशी सूज दिसली, की आधी सिकलसेलची तपासणी करायला हवी.

निरोगी तांबडी पेशी मऊ, गोल असते आणि सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी झाला की ती ताठरते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि दहा-वीस दिवसांत फुटते. अडकली की वेदना, फुटली की पंडुरोग. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 साली या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका शोधला: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाची किंमत लेकरू आयुष्यभर मोजतं.

मात्र हे मूल जन्मतः आजारी दिसत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते जन्मानंतरही काही महिने अंगात राहतं आणि पेशींना वाकू देत नाही. निसर्गानं आपल्याला दिलेली ही मुदत आहे. निदान याच मुदतीत व्हायला हवं, हेच मला आज सांगायचं आहे.

बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेतले तरी पुरतात. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी ही चाळणी आहे. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, आणि तान्ह्या बाळात तिच्यावर विसंबता येत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्यावरच ‘एएस’ की ‘एसएस’ हे कळतं. एसएस म्हणजे रुग्ण. एएस म्हणजे वाहक. त्याला रुग्ण समजू नका. नवराबायको दोघं वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. हा दोष आईबाप दोघांकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

लवकर कळलं तर काय साधतं? या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा ताप जिवावर बेततो. अमेरिकेत 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज दोन वेळा पेनिसिलिन घेणाऱ्या लहानग्यांमध्ये न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाले. ही गोळी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत द्यायची. जोडीला लसी. पुढे हायड्रॉक्सीयुरिया. हे औषध ते जन्माआधीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. निसर्गाची मुदत जणू लांबवतं. वेदनांचे झटके कमी होतात, रक्त चढवण्याची वेळ कमी येते. लोहाची बाटली मात्र तपासल्याशिवाय देऊ नये. इथं हिमोग्लोबिन उतरतं ते पेशी फुटतात म्हणून. लोह कमी असेलच असं नाही.

आणखी एक साधन फुकट आहे: आईचा हात. डाव्या बरगड्यांखाली रोज बोटं ठेवून प्लीहा कुठवर लागते हे ती शिकू शकते. एखाद्या दिवशी प्लीहा अचानक मोठी लागली आणि मूल पांढरं पडून मलूल झालं, तर रक्त प्लीहेत साचतं आहे. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं.

1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं 2047 पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचं ध्येय ठेवलं आहे. माझ्या दृष्टीनं ते ध्येय एका खाटेपाशी सुरू होतं: बाळंतीण घरी जाण्याआधी बाळाची टाच टोचली गेली आहे, आणि अहवाल एसएस आला तर तिची बोटं धरून कुणीतरी प्लीहा शोधायला शिकवत आहे. आपल्या गावच्या प्रसूतिगृहात हे होतं का, एवढं उद्या विचारून या.