हिमकणांचा छायाचित्रकार

आभाळ भरून आलें कीं हौशी छायाचित्रकार आपला कॅमेरा पेटींत ठेवून देतो. अमेरिकेंतील व्हर्माँट संस्थानांत जेरिको गांवीं विल्सन बेंटली नांवाचा शेतकरी होऊन गेला. तो मात्र अशाच हवेची वाट पाही. हिमवर्षाव सुरू झाला कीं काळ्या फळीवर तो हिमकण झेली. त्यांतला एखादा निवडून, शेगडी नसलेल्या गारठलेल्या खोलींत, सूक्ष्मदर्शक जोडलेल्या कॅमेऱ्यापुढें ठेवी आणि श्वास रोखून धरी. नुसत्या उच्छ्वासाच्या उबेनें तो षट्कोनी दागिना विरून जाण्याचें भय असे.

१५ जानेवारी १८८५ रोजीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्याला पहिलें चित्र साधलें. पुढें जन्मभरांत त्यानें ५,००० वर चित्रें घेतलीं. त्यांत एकासारखा दुसरा कण त्याला आढळला नाहीं. १९३१ सालीं २,४०० हून अधिक चित्रांचा त्याचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत हिमवादळांतून पायीं घरीं परतल्यावर न्युमोनिया होऊन तो निवर्तला.

वाईट हवा ही अडचण खरी; परंतु कांहीं सौंदर्य त्या हवेंतच जन्मतें आणि क्षणांत नाहींसें होतें. कॅमेरा पेटींत ठेवण्यापूर्वीं एवढें आठवावें.