मधल्या फळीतली मुलगी
(कफ परेड मच्छीमार नगर येथे केलेले भाषण)

कूपरेजचं मैदान इथून जवळ, म्हणून आज फुटबॉलविषयीच बोलते.

2022 मध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या संघात झारखंडच्या सहा मुली होत्या. कर्णधार अष्टम उरांव गुमला जिल्ह्यातल्या मजुराची मुलगी. मधल्या फळीत रांची जिल्ह्यातली नीतू लिंडा. दोघी आदिवासी. आपण तिन्ही सामने हरलो. आपल्यावर 16 गोल झाले, आपला एकही नाही. लोक हळहळले आणि विसरले.

मधल्या फळीतली मुलगी मागून आलेला चेंडू सांभाळते, पुढे देते. गोलाच्या यादीत तिचं नाव क्वचितच येतं. आपलं कामही तसंच आहे. स्पर्धा संपली तरी मुलीला बूट, सकस जेवण, शाळेची फी लागतेच. म्हणून निकाल पाहून देऊ नका. थोडं द्या, पण दर महिन्याला नेमाने द्या.