संस्थेच्या डोमेनवर खुली ईमेल नोंदणी



पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. तिची महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी. मधल्या काळात या गावाने वाचनालये, शाळा, नाट्यमंडळे उभी केली आणि आता खारघर-कामोठ्यापर्यंत सोसायट्याच सोसायट्या झाल्या आहेत. यांतल्या कितीतरी संस्थांनी स्वतःचे डोमेन घेतले आहे आणि वर्षाला काही हजार रुपयांत मिळणाऱ्या शेअर्ड होस्टिंगवर वेबसाइट ठेवली आहे. मग कार्यकारिणीत कोणीतरी सुचवते, की सभासदांना, माजी विद्यार्थ्यांना आपल्या डोमेनचा ईमेल देऊ या. वेबसाइटवर फॉर्म ठेवायचा, ज्याने त्याने नाव निवडायचे, पासवर्ड टाकायचा, की खाते तयार. कोणाच्या मागे लागायला नको.

या सूचनेमागची भावना मला मनापासून आवडते. आपल्या शाळेचे नाव माणसाने पत्त्यात मिरवावे, यात गैर काय? पण खाते उघडून देणारा त्या दिवसापासून पोस्टमास्तर होतो, आणि ते काम फॉर्म करत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले, तेव्हा खाते हवे असेल तर रीतसर अर्ज करावा लागे. मुंबईकरांच्या व्हिजिटिंग कार्डांवर ‘जीआयएएसबीएम०१’ अशी जडजंबाल अक्षरे पत्त्यात असत, पण त्या पत्त्यामागे कोण आहे हे कंपनीला ठाऊक असे. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले. आता कोणीही, कुठूनही, कोणाला न विचारता खाते उघडू लागला. ही फार मोठी मोकळीक होती. पण तिच्या पाठोपाठ यंत्रेही रांगेत उभी राहिली. जाहिरातबाजांचे प्रोग्रॅम याहूवर धडाधड खाती उघडू लागले, तेव्हा २००० च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांचा उपाय काढला. आपण ज्याला कॅप्चा म्हणतो तो. म्हणजे खुल्या नोंदणीचा प्रश्न सोडवायला याहूसारख्या कंपनीलाही विद्यापीठाची मदत लागली. आपल्या संस्थेचा सचिव संध्याकाळी सातनंतर, नोकरीवरून आल्यावर, हे काम करणार असतो.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे सोसायटीची गच्चीवरची टाकी. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट असतात आणि बहुधा सगळ्यांची मेल एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर पडते. तुमच्या फॉर्मवरून कोणी बनावट नावाने खाते उघडले आणि रात्रीतून लॉटरीची पत्रे पाठवली, तर स्पॅमहाउससारख्या संस्थेच्या काळ्या यादीत तो आयपी जातो. दुसऱ्या दिवशी त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या दवाखान्याची मेल ५५० क्रमांकाचा शेरा मारून परत येते. त्या डॉक्टरांना तुमची संस्था माहीतही नसते. म्हणून तर होस्टिंग कंपन्या तासाला किती मेल पाठवायच्या याची मर्यादा घालतात आणि तक्रार आली की आधी अख्खे खाते बंद करतात. वेबसाइटही त्यातच जाते.

आता नावांचे बघा. सभासदाने स्वतः नाव निवडायचे म्हटले, आणि त्याने ‘पोस्टमास्टर’, ‘वेबमास्टर’, ‘अॅडमिन’ निवडले तर? २०१५ साली फिनलंडमध्ये हे घडले. लाइव्ह डॉट एफआय हे मायक्रोसॉफ्टचे डोमेन, तिथे कोणालाही खाते मिळे. एका गृहस्थाने ‘होस्टमास्टर’ हे नाव मागितले आणि ते मिळाले. मग त्या पत्त्याच्या आधारावर त्याने त्या संपूर्ण डोमेनचे सुरक्षा प्रमाणपत्र मिळवले, कारण प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या अशा ठरावीक पाच नावांवर आलेले उत्तर मालकाचे उत्तर मानत. त्याने प्रामाणिकपणे कळवले म्हणून बरे. मार्च २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टला जगभर इशारा काढावा लागला. यांतली पोस्टमास्टर, होस्टमास्टर, वेबमास्टर ही नावे १९९७ च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या दस्तऐवजात आहेत, ‘अॅडमिन’ मात्र नाही; अशी सगळी नावे राखीव ठेवा. त्यांत ‘अध्यक्ष’, ‘खजिनदार’, ‘वर्गणी’ ही आपली नावे घालायला विसरू नका. ‘खजिनदार’ नावाने आलेल्या मेलवर पनवेलचा माणूस डोळे मिटून पैसे भरतो.

फॉर्मच्या पोटात काय असते? होस्टिंग चालवण्याच्या सीपॅनेल या प्रणालीत नवे खाते उघडण्यासाठी प्रोग्रॅमला एक टोकन, म्हणजे गुप्त किल्ली, द्यावे लागते. अनेक जण ते टोकन वेबसाइटच्या उघड्या फोल्डरमध्येच ठेवून देतात. त्या टोकनाने मेलखातीच काय, फाइली, डेटाबेस, सगळे होस्टिंग हाती येते. ते बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि फॉर्मला ते हाताळूच देऊ नका. शिवाय सर्व्हरवर बहुधा प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते. शंभर सभासदांनी हजार हजार मेल साठवल्या की एक लाख फाइली होतात, आणि स्वस्त होस्टिंगवर जागा शिल्लक असूनही फाइलींची मर्यादा आधी भरते.

कायदाही आहे. लोकांच्या मेल साठवणारा मध्यस्थ ठरतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे त्याने तक्रार अधिकाऱ्याचे नाव जाहीर करायचे, २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढायची. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सुरक्षेची घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. शाळांनी २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदाही वाचावा. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागितली आहे.

मग देऊच नये का? द्यावे, पण दार अर्धेच उघडावे. फॉर्म सभासदानेच भरावा, त्याच्या आधीच्या ईमेलवर खातरजमेची लिंक जावी, आणि सभासद क्रमांक ताडून एका ओळखत्या माणसाने मंजुरी द्यावी. एवढ्याने बहुतेक बनावट खाती गळतात. त्याहून सोपे म्हणजे नुसते फॉरवर्डिंग: पत्ता संस्थेचा, पेटी सभासदाच्या जीमेलची. फाइलींचे ओझे नाही, पासवर्ड सांभाळायचे नाहीत. मात्र बाहेरून आलेला स्पॅमही तुमच्याच सर्व्हरवरून पुढे जातो, हे लक्षात घेऊन आधी गाळणी लावा. मेल खरोखर आपल्याच डोमेनची आहे हे दाखवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदीही आधी करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू त्याबाबतीत कडक झाले आहेत. विद्यार्थ्यांसाठी मात्र मी शेअर्ड होस्टिंगचा आग्रह मुळीच धरणार नाही. शैक्षणिक संस्थांना गूगल आणि मायक्रोसॉफ्ट ही सेवा विनामूल्य देतात, ती घ्यावी.

एक गोष्ट कार्यकारिणीच्या ठरावात लिहूनच ठेवा. सभासद गेला, तर त्याचे नाव दुसऱ्याला द्यायचे नाही. २०१३ साली याहूने बंद पडलेली नावे नव्यांना दिली, आणि नव्या मालकांच्या पेटीत जुन्या मालकांची खासगी पत्रे येऊ लागली. आणि डोमेनचे नूतनीकरण एकट्या सचिवाच्या मोबाइलवर ठेवू नका. डोमेनची मुदत संपली आणि ते तिसऱ्याने विकत घेतले, तर सगळ्या सभासदांची मेल त्याच्याकडे जाईल. त्यांची बँक, त्यांचे फेसबुक, जिथे जिथे हा पत्ता दिला असेल तिथले पासवर्ड बदलण्याचे दुवेही. नूतनीकरणाची सूचना तीन पदाधिकाऱ्यांना जावी, आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरून टाकावेत.