पाळी लांबते तेव्हां

शहरांतील सुशिक्षित घरांत भिंतीवरची दिनदर्शिका म्हणजे एक लहानशी कचेरीच असते. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याचा दिवस, मुलांच्या परीक्षा, संकष्टी, एकादशी, सारें कांहीं तिच्यावर टिपलेलें आढळतें. घरांतील मुलीची पाळी केव्हां आली, हें मात्र तेथें क्वचितच लिहिलेलें असतें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न नेमका तोच विचारला, कीं मायलेकी एकमेकींच्या तोंडाकडे पाहूं लागतात. जो विषय कुजबुजत बोलावयाचा, त्याची नोंद कोण ठेवणार? परंतु ज्या विकाराचा आज विचार करावयाचा आहे, त्यांत या नोंदीवांचून पहिलें पाऊलहि टाकतां येत नाहीं.

१९३५ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं स्टाइन व लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती, आणि त्यांचे बीजकोश मोठे होऊन त्यांत बारीक बारीक पोकळ्या आढळल्या होत्या. त्या पोकळ्यांवरून पुढें या विकारास ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ असें नांव पडलें. व्यवहारांत ‘पीसीओएस’ किंवा ‘पीसीओडी’ हीं आद्याक्षरेंच रूढ आहेत. या नांवानें एक मोठा गैरसमज मात्र पसरविला आहे. सोनोग्राफीच्या कागदावर ‘सिस्ट’ हा शब्द वाचतांच घरांत गांठीची आणि शस्त्रक्रियेची भाषा सुरू होते. वास्तविक त्या गांठी नव्हेत. स्त्रीबीज ज्या इवल्या पिशवींत वाढतें, ती पिशवी अर्ध्या वाटेवर थबकली, एवढाच त्या ठिपक्यांचा अर्थ.

ती थबकली म्हणजे पाळी कां लांबते, हें समजून घेण्यासारखें आहे. दर महिन्यास अशा कांहीं पिशव्या वाढूं लागतात. त्यांतील एक पूर्णत्वास पोंचते आणि बीज बाहेर पडतें. रिकाम्या पिशवींतून मग प्रोजेस्टेरॉन हा स्राव निर्माण होतो. सुमारें दोन आठवड्यांनीं तो ओसरला, कीं गर्भाशयाचें अस्तर गळून पडतें, तीच पाळी. बीजच बाहेर न पडलें तर प्रोजेस्टेरॉन नाहीं, आणि प्रोजेस्टेरॉन नाहीं तर अस्तरास गळून पडण्याची वेळ कळत नाहीं. तें जाड होत राहतें. मग तीन-चार महिन्यांनीं एकदम अतिशय रक्तस्राव होतो, किंवा मुळींच होत नाहीं.

या बिघाडांत पुष्कळ वेळां इन्शुलिनचा हात असतो. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासें झालें, कीं स्वादुपिंड तें अधिकच सोडतें. हें वाढलेलें इन्शुलिन बीजकोशास पुरुषी गुणाचे स्राव जास्त निर्माण करावयास लावतें. त्यामुळें बीजाची वाढ खुंटते, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमें हटत नाहींत, डोक्यावरचे केस विरळ होतात. कित्येक मुलींच्या मानेवर काळसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो. आई तो मळ समजून उटणें लावून घासते. परंतु तो मळ नसून वाढलेल्या इन्शुलिनची खूण असण्याचा संभव असतो. हा विकार केवळ लठ्ठ मुलींसच होतो असेंहि नाहीं. सडपातळ मुलींनाहि तो होतो, आणि आपल्या लोकांत तर इन्शुलिनचा हा दोष कमी वजनावरहि दिसून येतो.

आतां काळजी केव्हां करावी? रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत दिवस मोजावे. ऋतुप्राप्तीनंतरच्या पहिल्या वर्षीं पाळी मागेंपुढें होणें स्वाभाविक आहे. पुढील दोन वर्षांत हें अंतर २१ ते ४५ दिवसांचें असावें. तीन वर्षांनंतर तें २१ ते ३५ दिवसांचें असावें, आणि वर्षांत निदान ८ पाळ्या याव्या. पहिल्या वर्षानंतर कोणतीहि एक पाळी ९० दिवसांपलीकडे लांबली, किंवा १५ वर्षें पूर्ण होऊनहि पाळी आलीच नाहीं, तर डॉक्टरांकडे जावें. जगांत प्रजननक्षम वयाच्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें १० ते १३ जणींस हा विकार असतो. तेव्हां तो लपविण्याजोगा किंवा लाजिरवाणा मानण्याचें कारण नाहीं.

विवाहित स्त्रीची पाळी चुकली, तर प्रथम गर्भधारणेची तपासणी करावी. त्यानंतर थायरॉइड व प्रोलॅक्टिन यांची रक्ततपासणी होते, कारण त्यांच्या दोषानेंहि पाळी चुकते. हीं कारणें वगळलीं, कीं प्रौढ स्त्रीच्या बाबतींत तीन खुणा पाहतात: अनियमित पाळी, पुरुषी स्रावांचीं लक्षणें आणि सोनोग्राफींतील बीजकोशांचें रूप. यांपैकीं दोन आढळल्या म्हणजे निदान होतें. ऋतुप्राप्तीनंतर आठ वर्षांच्या आंत मात्र सोनोग्राफीवरून निदान करूं नये, असें २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. कारण निरोगी तरुण मुलींचे बीजकोशहि तसेच दिसतात. अशा मुलींत पहिल्या दोन्ही खुणा असाव्या लागतात.

उपचारांत पहिलें स्थान राहणीचें. प्रौढ स्त्रीनें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें झपझप चालण्यासारखा व्यायाम करावा. शाळकरी मुलींना रोज तासभर खेळूं द्यावें. दहावीचें वर्ष म्हणून मुलीचें मैदान बंद करणें हिताचें नव्हे. वजन अधिक असेल तर थोडें कमी झालें तरी गुण येऊं शकतो. ७० किलो वजनाच्या स्त्रीचें साडेतीन किलो उतरलें, तरी पुष्कळदां पाळी सुधारते. कोणताहि एक विशिष्ट आहार सर्वश्रेष्ठ ठरलेला नाहीं. मात्र साबुदाण्याची खिचडी व तळलेले बटाटे खाऊन केलेला उपवास वजन उतरवीत नाहीं, हें ध्यानांत असावें. पपई किंवा तिळगूळ खाऊन पाळी ‘आणण्याचा’ प्रयत्नहि बीजाची खुंटलेली वाढ सुरू करूं शकत नाहीं.

औषधांविषयीं घरोघरीं जो गोंधळ असतो, तो अधिक नुकसानकारक आहे. गणपतींत अडचण नको म्हणून पाळी पुढें ढकलण्याची गोळी दुकानांतून आणावयाची, आणि पुढें दोन महिने पाळी न आल्यास आणण्याचीहि गोळी तेथूनच मागावयाची, हा प्रकार बरा नव्हे. डॉक्टर कांहीं महिन्यांच्या अंतरानें १०-१४ दिवस प्रोजेस्टेरॉनच्या जातीचें औषध देतात, किंवा दोन संप्रेरकांची गर्भनिरोधक गोळी नियमित घ्यावयास सांगतात. ही गोळी कुमारिकेस दिली, कीं वडीलधारीं माणसें दचकतात. येथें हेतु संततिप्रतिबंधाचा नसून अस्तराच्या रक्षणाचा असतो. वर्षानुवर्षें अस्तर न गळतां वाढत राहिलें, तर त्यांत कर्करोगाचा धोका वाढतो. तो टाळावयाचा असतो. गोळी थांबवितांच पाळी पुन्हा लांबली, म्हणून औषध फुकट गेलें असेंहि नव्हे. तें रक्षणासाठीं दिलें होतें, मूळ विकार नाहींसा करण्यासाठीं नव्हे. या गोळीनें पुढें मूल होत नाहीं, ही समजूत निराधार आहे. मात्र रक्ताच्या गुठळ्या, उच्च रक्तदाब किंवा डोळ्यांपुढें झगमग होऊन उठणारी अर्धशिशी असेल, तर ती चालत नाहीं. म्हणून ती स्वतःच्या मनानें घेऊं नये. इन्शुलिनच्या दोषावर मेटफॉर्मिन हें औषधहि दिलें जातें.

‘लग्न झालें, कीं सारें सुरळीत होईल,’ हें वाक्य अशा मुलींस हमखास ऐकावें लागतें. लग्न हा या विकारावरील उपाय नव्हे. त्याचप्रमाणें ‘हिला मूल होणार नाहीं’ हेंहि खरें नव्हे. अनेकींस औषधावांचून गर्भ राहतो. न राहिल्यास बीज पक्व होण्यासाठीं लेट्रोझोलसारखीं औषधें आहेत, आणि बहुतेक स्त्रिया उपचारानें माता होतात. पाळी अनियमित आहे म्हणून गर्भ राहणारच नाहीं, या भरंवशावर मात्र कोणी राहूं नये.

मूल झालें म्हणजे विकार संपला, असें समजून पुष्कळ स्त्रिया दवाखान्याची वाट विसरतात, आणि खरी चूक तेथें होते. या विकारांत मधुमेहाचा धोका अधिक असतो; घरांत आईला, मावशीला मधुमेह असेल तर विशेषच. म्हणून एक ते तीन वर्षांनीं रक्तांतील साखर, त्याबरोबर रक्तदाब, आणि गरोदरपणीं साखरेची चाचणी अवश्य करावी. मनाचीहि विचारपूस करावी, कारण चिंता व औदासीन्य या स्त्रियांत अधिक आढळतें. मांडवांत चार बायकांदेखत ‘किती जाड झालीस!’ म्हणून होणारी थट्टा तिच्या मनास किती लागते, हें घरच्यांनींच ओळखावें.

डॉक्टरांकडे जातांना गेल्या सहा महिन्यांतील तारखा, प्रत्येक पाळीचे दिवस, घेतलेल्या गोळ्यांचीं नांवें आणि घरांतील मधुमेहाची माहिती एका कागदावर लिहून न्यावी. हा कागद शक्यतों मुलीनें स्वतः लिहावा आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरेंहि तिनेंच द्यावीं. आईनें शेजारीं बसावें. पण बोलूं तिला द्यावें.