निर्णय एकाचा, सही दुसऱ्याची

दवाखान्याची जबाबदारी कुणाच्या तरी गळ्यात घालून इथवर आलेल्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

डॉक्टर-लेखकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षाने वैद्यक आणि साहित्य यांचं थोर नातं उलगडून सांगावं, अशी रीत आहे. ते नातं तुम्ही माझ्याइतकंच जाणता. मी आज नायजेरियातल्या इस्पितळांबद्दल बोलणार आहे. माझी उमेदीची वर्षं तिथे गेली, आणि डॉक्टरने का लिहावं, याचं मला पटलेलं उत्तर तिथेच मिळालं.

आधी तिथला रोजचा दिवस सांगते. रुग्ण आला की नातेवाइकाने प्रथम खिडकीवर पैसे भरून कार्ड काढायचं. डॉक्टर तपासतो आणि चिठ्ठी लिहितो: हातमोजे, सलाईन, सुई, सिरिंज, अँटिबायोटिक. चिठ्ठी घेऊन नातेवाईक समोरच्या औषधाच्या दुकानात पळतो. रक्त हवं असेल तर बदली रक्तदाता शोधतो. वीज गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल, डिझेलला पुन्हा पैसे. वीज परतली की अख्खा वॉर्ड ‘अप नेपा!’ म्हणून ओरडतो. नेपा ही जुनी वीज कंपनी केव्हाच इतिहासजमा झाली, आरोळी तेवढी टिकून आहे. त्या देशात आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी सुमारे ७० टक्के रक्कम लोकांच्या खिशातून जाते. म्हणून तपासणीच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य दुखण्याबद्दलचं नसतं. ‘डॉक्टर मा, अबेग’, म्हणजे डॉक्टरबाई, पाया पडतो, थोडं थांबा, पैसे आणायला माणूस गेलाय.

आणि माणूस गेलाच नसेल तर? रात्री मोटरसायकल-टॅक्सीच्या अपघातातला तरुण येतो. बरोबर कोणी नाही. ट्रॉलीवर सलाईनची बाटली नाही. पगार अजून हाती न लागलेला इंटर्न स्वतःच्या पाकिटातून ती आणवतो. असं न केलेला डॉक्टर मला तिथे भेटला नाही. पण पाकीट एक आणि खाटा अनेक. आज ज्याला दिलं त्याच्या शेजारच्याला काय सांगायचं? अधिक गंभीर असेल त्याला आधी बघा, असं आपण पुस्तकात शिकतो. तिथे रुग्णाच्या गांभीर्याबरोबर डॉक्टरच्या महिनाअखेरीचाही हिशेब करावा लागतो.

हा पेच डॉक्टरच्या सद्‌सद्‌विवेकाचा आहे, असं आपण मानतो. मला ते मान्य नाही. नायजेरियाच्या २०१४ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्यात तातडीचे उपचार नाकारणाऱ्याला एक लाख नायरा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कलम योग्यच आहे. त्याच कायद्याने केंद्राच्या महसुलातला किमान एक टक्का प्राथमिक आरोग्याच्या निधीसाठी राखायला सांगितलं आणि त्यातला काही वाटा तातडीच्या उपचारांना दिला. या निधीची तरतूद अर्थसंकल्पात पहिल्यांदा दिसली ती २०१८ साली. शिक्षा आधी आली, पैसा चार वर्षांनी. २००१ साली आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अबुजात, म्हणजे नायजेरियाच्याच राजधानीत, अर्थसंकल्पाचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचा शब्द दिला होता. यजमान देशाने तो आकडा कधीच गाठला नाही. तो न गाठण्याचा निर्णय अबुजात होतो आणि त्याची अंमलबजावणी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला इंटर्न करतो.

आता ‘डामा’चा फॉर्म आठवा. आपल्याकडेही आहे, तिकडेही आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध मी घरी जात आहे, परिणामांची जबाबदारी माझी. मधुमेहाने पाय सडलेला एक सुतार. घरच्यांनी आधी मोटरसायकल विकली, मग हत्यारं. पाय कापायचं ठरलं तोवर हातात काही उरलं नव्हतं. त्याने अंगठा उठवला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. वर्षअखेरीला अशा फॉर्मांची बेरीज होते आणि अहवाल म्हणतो, इतक्या जणांनी उपचार नाकारले. वाचणारा समजतो, लोक अडाणी, वैदूकडे पळाले असतील. पैसे संपले, ही गोष्ट कागदावरून नाहीशी होते. सरकार सुटतं, इस्पितळ सुटतं. आमच्या वॉर्डातल्या एक ज्येष्ठ मेट्रन मात्र फॉर्म पुढे करण्याआधी केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहीत: पैसे संपले, शेवटचं इंजेक्शन परवा दिलं. एवढंच. त्या इस्पितळातलं सर्वांत धीट लेखन मला तेच वाटतं.

याच्या उलट टोकाला बरे झालेले रुग्ण. बिल भरलेलं नाही म्हणून बाळंतीण आणि तिचं मूल फाटकाच्या आत अडकून राहतात. डॉक्टरने डिस्चार्ज लिहिला तरी रखवालदार सोडत नाही. हे ऐकून आपण हळहळू, पण महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घालावी लागली, ती काही उगाच नाही. गोळी लागलेल्या माणसाला पोलिसांचा कागद असल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिथला जुना दंडक २०१७ च्या कायद्याने मोडला. आपल्याकडे अपघातग्रस्तांसाठी तेच सांगायला १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालय लागलं. तिकडचं ते तिकडचं, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

सगळेच पेच मात्र पैशाचे नसतात. काही खरोखरच आपले असतात आणि ते आपणच पेलायचे असतात. यहोवाचे साक्षीदार या पंथाची माणसं रक्त घेत नाहीत. सज्ञान बाईने रक्त नाकारलं, डॉक्टरने तिचा शब्द पाळला, ती दगावली आणि वैद्यकीय न्यायाधिकरणाने डॉक्टरला निलंबित केलं. त्या ओकोन्क्वो खटल्यात २००१ साली नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. आईने तान्ह्या बाळाला रक्त द्यायला नकार दिला, तेव्हा मात्र त्याच न्यायालयाने २०१९ साली रक्त देणाऱ्या इस्पितळाला बरोबर ठरवलं. स्वतःच्या जिवावर हक्क आहे, लेकराच्या जिवावर नाही.

सिकलसेलचा पेच कोर्टापर्यंत जातही नाही. नायजेरियात सुमारे दर चौघांत एक जण वाहक आहे. आपला जीनोटाइप एए की एएस, हे तिथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अनेक चर्चमध्ये लग्नाआधी तो कागद मागतात. आता समजा, मूल एसएस, म्हणजे आजारी, निघालं. आई एएस, आणि बापाच्या जुन्या कागदावर एए. बहुतेक वेळा प्रयोगशाळाच चुकलेली असते. पण बापाची फेरतपासणी करा म्हटलं आणि पुन्हा एए आलं, तर पितृत्वावरच प्रश्न येतो आणि एक संसार उद्ध्वस्त होतो. फेरतपासणी टाळली तर पुढच्या मुलाबद्दलचा सल्ला अंदाजाने द्यायचा. मी आधी आईशी एकटीशी बोलत असे आणि तपासणीचा निर्णय तिच्यावर सोपवत असे. हे सर्वांना पटणार नाही. बाप म्हणेल, माझ्या रक्ताबद्दल मला अंधारात का ठेवलंत? त्याचा प्रश्न खोटा नाही. गडचिरोली, नंदुरबारमध्ये सिकलसेलवर काम केलेल्यांना हा पेच ओळखीचा असेल.

विश्वास गमावला की काय होतं, हे नायजेरियातल्या कानो राज्याने दाखवलं. १९९६ च्या मेनिंजायटिसच्या साथीत फायझर कंपनीने तिथे ट्रोव्हन या औषधाची चाचणी सुमारे २०० मुलांवर घेतली. ट्रोव्हन मिळालेला आणि तुलनेचा, अशा दोन्ही गटांत मिळून ११ मुलं गेली. कंपनी म्हणाली, मृत्यू आजाराने झाले आणि तोंडी संमती घेतली होती. पालक म्हणाले, हा प्रयोग आहे हे आम्हाला कळलंच नाही. २००९ साली कानो राज्याशी ७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. दरम्यान २००३ साली कानोने पोलिओची लस थांबवली. कारणं अनेक होती, पण त्या चाचणीची आठवण ताजी होती. तिथून विषाणू दुसऱ्या देशांत पोचला. वाऱ्यावर गेलेल्या तोंडी संमतीची किंमत त्या चाचणीशी काही संबंध नसलेल्या पोरांनी मोजली.

आता डॉ. अमेयो स्टेला आदादेवो यांची गोष्ट. जुलै २०१४. सरकारी डॉक्टरांचा संप चालू, म्हणून लायबेरियाहून आलेला आजारी प्रवासी त्यांच्या लागोसच्या खाजगी इस्पितळात दाखल झाला. आपल्याला इबोला असल्याचं तो नाकारत होता. त्याला सोडा म्हणून वरून दडपण आलं. बाईंनी सोडलं नाही. बिलासाठी फाटक बंद ठेवणं आणि शहर वाचवण्यासाठी ठेवणं, यांतला फरक त्यांनी जाणला. देशात २० जणांना लागण झाली, ८ गेले. १९ ऑगस्टला बाई स्वतः गेल्या. २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरियाला इबोलामुक्त जाहीर केलं.

बाईंचं धैर्य सगळे सांगतात, सांगायलाच हवं. पण त्या धैर्याला फळ आलं, कारण पोलिओच्या मोहिमेत तयार झालेली संपर्क शोधणारी माणसं पाठीशी उभी राहिली आणि त्यांनी जवळपास ९०० जणांचा दारोदार माग ठेवला. यंत्रणा नसती तर एक हुतात्मा उरली असती आणि साथही. तिथल्या डॉक्टरांना धैर्याचे धडे देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तरुण डॉक्टर ‘जापा’ करतात, म्हणजे देश सोडून इंग्लंड-अमेरिकेला जातात, म्हणून २०२३ साली तिथल्या संसदेत विधेयक आलं: पाच वर्षं देशात काम केल्याशिवाय पूर्ण परवाना नाही. पगार, डिझेल, हातमोजे यांची जबाबदारी पुन्हा एकदा डॉक्टरच्याच गळ्यात.

डॉक्टर-लेखक असल्या कथांत स्वतःला नायक करतात. खिशातून पैसे दिले, रात्रभर जागलो, जीव वाचला. वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. त्या रात्री सलाईन का नव्हतं, हे त्याला कळत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. आपला निर्णय असेल तिथे तो का घेतला, ते विरोधी बाजूसकट लिहा. निर्णय दुसऱ्याने घेऊन आपल्याकडून सही घेतली असेल, तिथे तो निर्णय कुणाचा, कधीचा, किती रुपयांचा, तेही लिहा. रुग्णाचं नावगाव झाका, तरतुदीचा आकडा झाकू नका. आणि सोमवारी कामावर गेलात की ‘डामा’च्या प्रत्येक फॉर्मवर घरी जाण्याचं खरं कारण नोंदवा. या संमेलनाने तसा ठराव करावा, अशी माझी सूचना आहे. वर्षभराने त्या नोंदी एकत्र करून आरोग्यमंत्र्यांच्या टेबलावर ठेवता येतील, आणि मग उत्तर देण्याची पाळी त्यांची असेल.

आता ठरावावर चर्चा सुरू करू या.