खेळणारे मूल वाया जात नाही



 अभ्यासिका चालवणारे म्हणून आज आम्हाला आधी आमची एक चूक कबूल करायची आहे.

आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शाळेत घातले. बाबासाहेबांचा "शिका" हा शब्द आपण उराशी धरला. त्यामुळे मूल खेळताना दिसले की आपल्याला धडकी भरते, पोर वाया चालले असे वाटते. आम्हीही चार-पाच वर्षांची लेकरे अंगणातून ओढून आणून पाटीपुढे बसवली. ती रडायची, पेन्सिल नीट धरता येत नव्हती. आम्ही मात्र रागावत होतो.

पण अंगणात ती काय करत होती? पोरी सागरगोटे खेळत होत्या. एक खडा वर फेकायचा आणि खालचे चार उचलायचे: आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम. म्हणजे चाराची फोड हाताला कळली! डोळा आणि बोटे एकत्र चालू लागली. हीच बोटे पुढे पेन्सिल धरतात. भातुकलीत पान म्हणजे भाकरी. पान भाकरीच्या जागी चालते हे ज्याला उमगले, त्याला एका आवाजाच्या जागी 'क' हे अक्षर चालते हेही उमगते. लगोरी रचताना मोठा दगड खाली हवा, हे कोणी सांगावे लागत नाही. आणि डाव आपल्यावर आला तर तो द्यावा लागतो, हरले तरी उद्या पुन्हा खेळायला यायचे असते. हे कोणत्या पुस्तकात शिकवतात?

हे काही आमचे नवे शोध नाहीत. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी पाड्यांवरच अंगणवाडी नेली. महागडी साधने नव्हती. माती, पाने, बिया, शंख-शिंपले यांतून मुले शिकली. 1989 च्या बालहक्क संहितेच्या 31 व्या कलमात खेळ हा मुलांचा हक्क म्हटला आहे. भारताने ती 1992 साली मान्य केली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वयाच्या मुलांनी खेळातून शिकावे असेच म्हटले आहे.

म्हणून अभ्यास सोडा असे आमचे म्हणणे नाही. दहावीच्या मुलाने अभ्यास केलाच पाहिजे. पण त्याची मुळे चौथ्या-पाचव्या वर्षी अंगणातच रुजतात.

आता तीन विनंत्या. सहा वर्षांखालील मुलांना आम्ही अभ्यासिकेत लिहायला बसवणार नाही, तसा आग्रह आपणही धरू नये. संध्याकाळी पाच ते सात विहाराच्या अंगणात मोटारसायकली लावू नयेत. ती जागा मुलांची. आणि मायमाउलींनो, त्या दोन तासांत मुलीला पाणी भरायला, धाकट्याला सांभाळायला बोलावू नका. भाऊ खेळतो, तिलाही खेळू द्या.

अंगणात गलका झाला तर कुरकुर करू नका. तिथे शाळाच भरलेली असते.

एवढे बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम!