कुलूप मथळ्याशेजारीच दिसू द्या



मोबाइलवर लेख उघडावा, दोन परिच्छेद वाचून त्यात रंगून जावे, आणि नेमकी तिथेच अक्षरे धूसर होऊन 'पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा' अशी पाटी यावी, हे आता कुणालाच नवे नाही. पैसे मागण्यात गैर काहीच नाही. बातमीदाराचा पगार आणि उपसंपादकाची रात्रपाळी यांचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. प्रश्न आहे तो वाचकाला हे कधी सांगायचे, याचा.

'न्यूयॉर्क टाइम्स'ने २००५ मध्ये आपल्या नामवंत स्तंभलेखकांचे लेख वर्षाला सुमारे ५० डॉलरच्या वर्गणीत बंद केले. दोन वर्षांत तो बेत सोडावा लागला, कारण सर्च इंजिनवरून येणारा नवा वाचक आल्या पावली परतत होता. मार्च २०११ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली: महिन्याला २० लेख मोफत, त्यापुढे वर्गणी. पुढच्याच वर्षी २० चे १० झाले, २०१७ अखेर ५. किती लेख उरले हे वाचकाला दिसत असेल, तर हा व्यवहार सरळ आहे.

खटकते ते वेगळेच. सशुल्क मजकूर कोणता, हे संकेतस्थळे गूगलला आधीच सांगू शकतात, आणि अनेक सांगतातही. पानाच्या कोडमध्ये 'इज ॲक्सेसिबल फॉर फ्री' अशी नोंद असते. तिच्यापुढे 'फॉल्स' लिहिले, की हा मजकूर मोफत नाही हे यंत्राला कळते. पानाचा नेमका कोणता भाग बंद आहे तेही देता येते. म्हणजे माहिती तयारच आहे. मग ती मथळ्याशेजारी वाचकाला दाखवायला अडचण कसली?

इंग्रजी विकिपीडियाने ती दाखवली आहे. लेखाच्या तळाशी संदर्भांच्या यादीत काही दुव्यांशेजारी चिमुकले कुलूप असते. हिरवे, उघडे कुलूप म्हणजे मोफत. करडे असेल तर नाव नोंदवावे लागेल किंवा वाचनाला मर्यादा आहे. लाल आणि बंद असेल तर वर्गणी. कुलपांचे आकारही निरनिराळे असल्याने रंग ओळखण्यात अडचण असणाऱ्यालाही फरक कळतो, आणि तोही क्लिक करण्याआधी!

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. वर्गणीचा सापळा हा त्यांतलाच एक. मोफत सदस्यत्वासाठी कार्डाचा तपशील सक्तीने मागणे किंवा वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे त्यात बसते. कार्डावरून ठरावीक मुदतीने आपोआप पैसे वळते होण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचाही दंडक आहे.

मराठी संकेतस्थळांनी यापुढे एक पाऊल टाकावे. मथळ्याशेजारी कुलूप, त्याखाली महिन्याची रक्कम, आणि 'वर्गणी बंद करा' हे बटण 'वर्गणी भरा' या बटणाइतकेच ठळक. एवढे त्यांना आजही करता येईल.